दोरा, करंगळी आणि माझं पत्रक

तुमच्या घरातली बाई गॅसवरचं तापलेलं पातेलं फडकं न घेता उतरवते, याचा तुम्हाला अभिमान वाटतो का?

मला वाटायचा. इतका, की मी तो छापून वाटला.

आमच्या घरी पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. वडील अमरावतीत एका छापखान्यात मशीनवर आहेत. कुठलंही पत्रक छापलं, की बिघडलेल्या प्रती ते घरी आणत. पाणीटंचाईच्या मोर्च्याचं, बुवाबाजीविरुद्धचं, अंगणवाडीतल्या बायकांच्या संपाचं. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. त्यामुळे माझी भाषाही तशीच झाली. शाळेत पावसाळ्यावरच्या निबंधाच्या शेवटी मी 'म्हणून आमची मागणी आहे की' असं लिहिलं होतं. बाईंनी त्याखाली लाल रेघ ओढली. मला ती रेघ दडपशाही वाटली.

आई हार करते. एका देवळाच्या भिंतीला लागून तिची जागा आहे. भातकुलीकडच्या मळ्यांतून सकाळी शेवंती आणि झेंडू येतात, ती पाटीभर घेते आणि दुपारपर्यंत ओवत बसते. तिची पद्धत अशी: उजव्या हातात लांब सुई, मांडीवर ओल्या फडक्यात फुलं, आणि दोऱ्याचं मोकळं टोक डाव्या करंगळीला दोन वेढे देऊन ताणून धरलेलं. शेजारच्या बायका दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवतात. आई म्हणायची, पायानं ताणलेला हार देवाच्या गळ्यात कसा घालायचा. यावर मी तिच्याशी खूप भांडले आहे. देव नाही, हे तिला पटवायला मला दोन वर्षं लागली आणि शेवटी ती म्हणाली, "नसन देव. हार तं हाय नं."

दोऱ्याला किती ताण आहे, ते तिच्या करंगळीला कळायचं. नजर गिऱ्हाइकाकडे, तोंड शेजारणीकडे, आणि हार आपोआप लांबत जायचा.

मग ती हाताकडे बघायला लागली. हार करताना मान खाली, डोळे करंगळीवर. शेजारणीनं काही विचारलं तर हात थांबवून उत्तर द्यायची. मला वाटलं, नजर कमी झाली. मी तिला चष्म्याच्या दुकानात नेलं. जवळचा थोडा नंबर निघाला, तसा त्या वयात कुणाचाही निघतो. चष्मा लावून ती करंगळीकडे बघत हार करू लागली आणि मला बरं वाटलं, की वेळेवर लक्ष दिलं.

त्याच सुमाराला एकदा मी तिच्या जागेवर बसले होते. एक गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, फुलाले रक्त लागून राह्यलं." दोरा करंगळीत रुतला होता आणि पांढऱ्या शेवंतीवर लाल ठिपके पडले होते. आईनं बघितलं. "लागलं असन," म्हणाली, तेवढी फुलं काढून टाकली आणि बोटाला चिंधी बांधून पुढे ओवू लागली. घरी दुधाचं तापलेलं पातेलं तिनं फडकं न घेता उतरवलं. डाव्या तळहाताच्या कडेला फोड आला. तो तिला संध्याकाळी भांडी घासताना दिसला. तोवर माहीतच नव्हतं.

मी भारावून गेले. महिला दिनाच्या मोर्च्यासाठी पत्रक लिहायचं होतं, ते मी एका बैठकीत लिहिलं. त्यातली ओळ मला पाठ आहे: 'या हाताला आता दोरा कापत नाही, या हाताला चटका बसत नाही. राबून राबून त्याने दुखणे सोडून दिले आहे.' वडिलांनी ते स्वतः मशीनवर चढवलं. कागदही बरा वापरला. मोर्च्यात एका कार्यकर्तीनं ते मोठ्यानं वाचलं तेव्हा बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी एक प्रत आईला नेऊन दिली. तिनं नवा चष्मा लावून, ओठ हलवत, सगळं वाचलं.

"असं काई नाई, वं," ती म्हणाली. "मले खरंच समजत नाई."

मला तो तिचा साधेपणा वाटला. ती मला लक्षण सांगत होती आणि मी तिच्या साधेपणावर दुसरं पत्रक लिहायच्या विचारात होते.

सोळा महिन्यांनी अकोल्याला मावशीच्या मुलीचं लग्न निघालं. आदल्या दिवशी बांगड्या भरायला बाई आली. मुसलमान, पन्नाशीची, वऱ्हाडीत हिंदी मिसळून बोलणारी. अंगणात चादर टाकून ती बसली, नवरीचा चुडा भरला आणि मग एकेका बाईचा हात गुडघ्यावर घेऊ लागली. बांगड्या भरताना हात दाबावा लागतो; बोटांची मुळं एकत्र आवळून हात अरुंद करायचा आणि काच सरकवायची. प्रत्येक बाई ओरडत होती आणि बाकीच्या हसत होत्या.

आईची पाळी आली.

"ढिला सोडा हात, बाई."

"ढिलाच हाय, भाभी."

बांगडीवालीनं आईचा डावा हात आवळला. दोन बांगड्या गेल्या. तिसरी कट्कन मोडली.

"वाढली म्हना, वाढली," मावशी घाईनं म्हणाली. लग्नघरात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत.

काचेचा तुकडा करंगळीच्या मुळाशी घुसला होता. रक्त चादरीवर टपकलं. आई मावशीकडे वळून, उद्या जिलबी किती वाजता तळायला घेणार, हे विचारत होती.

"लागलं नाई का तुमाले?" बांगडीवालीनं विचारलं.

"नाई."

"खून निकल रहा है, बाई."

आईनं तेव्हा खाली बघितलं.

"हिच्या हाताले सवय हाय," मावशी म्हणाली. "हिच्या पोरीनं छापलं हाय त्या हातावर. दुखतच नाई म्हने." बायका हसल्या. मीही हसले.

बांगडीवाली हसली नाही. तिनं काच काढली, चिंधी दाबली आणि आईचा उजवा हातही ओढून घेतला. दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवले. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मध्ये मांसाचा उंचवटा असतो, तिथे तिनं अंगठ्यानं दाबलं. उजवीकडे उंचवटा होता. डावीकडे खड्डा होता. मी तो हात रोज बघत होते, त्यावर लिहिलं होतं, आणि खड्डा पहिल्यांदा बघत होते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेली होती, सरळ कर म्हटलं तरी होत नव्हती.

"इधर गोश्त नाई राह्यलं, पाहा," ती म्हणाली. "मी रोज हातच दाबते. नवरीचा, म्हातारीचा. दाबलं का बाई आई गं म्हनते. तुमी एकदा बी नाई म्हनल्या. दाक्तरले दाखवा."

"कष्टानं होतं असं," मी म्हणाले. मी तिला समजावूनही सांगितलं, की वर्षानुवर्षं दोरा ताणला की हात बधिर होतो, हा कष्टकरी बाईच्या शरीरावर व्यवस्थेनं उमटवलेला शिक्का आहे. अगदी याच शब्दांत.

तिनं माझ्याकडे बघितलं. "बेटा, कष्ट मी बी करते," म्हणाली. मग आईकडे वळून हळू आवाजात, "चमडीच्या दाक्तरले दाखवा. मेरे जेठ का ऐसाच था. त्यानं लई उशीर केला."

'चमडीच्या' म्हटल्यावर आईच्या शेजारी बसलेल्या बाईनं आपला पदर आवरून घेतला. एवढंच. पुढच्या बाईनं हात पुढे केला आणि बांगड्या सुरू राहिल्या.

लग्न झाल्यावर आई अमरावतीला दाखवायला तयार होईना. "तिथं समदे ओयखतात मले," म्हणाली. म्हणून अकोल्याच्याच सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी आईला बाही वर करायला लावली. दंडाच्या मागच्या बाजूला, जिथे स्वतःला कधीच बघता येत नाही तिथे, एक फिकट चट्टा होता. रुपयापेक्षा मोठा, कोरडा. मग त्यांनी कोपराच्या आतल्या हाडामागे बोट फिरवलं, आणि माझंही बोट धरून तिथे ठेवलं. कातडीखाली दोरीसारखं काहीतरी जाड, टणक लागलं. माझ्या स्वतःच्या कोपरात ती नस शोधावी लागली, इतकी बारीक.

"डोळे मिटा," डॉक्टर आईला म्हणाल्या. "मी टेकवलं की तिथे बोट ठेवून दाखवा."

त्यांच्याकडे नायलॉनचा एक तंतू होता. त्यांनी तो करंगळीच्या टोकाला टेकवला. मग करंगळीच्या मधल्या पेरावर. मग शेजारच्या बोटावर, तळहाताच्या कडेवर, मनगटाजवळ. मग जाड तंतू घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून. आई डोळे मिटून शांत बसली होती, उजव्या हाताचं बोट तयार ठेवून. बराच वेळ गेला.

"सुरू करा नं, बाई," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तंतू बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "झालं, डोळे उघडा."

कुष्ठरोग हा शब्द त्यांनी सरळ उच्चारला, आणि त्याच वाक्यात सांगितलं की तो पूर्ण बरा होतो, वर्षभर गोळ्या, फुकट मिळतात. माझ्या घरात या रोगावरची पत्रकं छापून पडलेली होती. 'सुन्न चट्टा लपवू नका' हे मी आठवीत असताना चौकात ओरडून सांगितलं होतं. माझ्या मनात तो चट्टा नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर होता.

"मंग दुखत काहून नाई?" आईनं विचारलं.

डॉक्टरांनी आईच्या मानेखाली, मणक्याच्या बाजूला बोट ठेवलं. करंगळीला काय लागलं ते कळवणारी पेशी इथे असते, त्या म्हणाल्या. तिचा तंतू इथून निघतो आणि खांदा, दंड, कोपर, मनगट असा करंगळीच्या टोकापर्यंत जातो. मध्ये कुठे जोड नाही. हाताएवढी लांब, पण पेशी एकच. या तंतूभोवती दुसऱ्या पेशी गुंडाळलेल्या असतात, विजेच्या तारेवर वेष्टन असतं तशा. त्या त्याला जपतात. या रोगाचे जंतू नेमके त्याच पेशींमध्ये घर करतात. कोपराजवळ नस कातडीला लागून असते, तिथे शरीर जरा थंड असतं, ते त्यांना मानवतं. मग शरीर त्यांच्याशी लढायला जातं, नस सुजते, आतला तंतू दाबला जाऊन मरतो. बोटांना हलवणारे तंतूही त्याच नसेत असतात, म्हणून स्नायू वाळतो.

"दुखणं कळवणारीच तार गेली," त्या म्हणाल्या. "आता दुखेल कसं?"

"परत येत नाही का?" मी विचारलं.

"तंतू वाढतो कधी कधी. दिवसाला जेमतेम एखादा मिलिमीटर, तोही वाट शाबूत असली तर. नुकतंच गेलेलं असेल तर सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी वाचवता येतं. पाच-सहा महिन्यांच्या आत आलं तर बरं असतं." त्यांनी पेन उचललं. "बधिरपणा कधीपासून आहे?"

"हिले इचारा," आई म्हणाली. "हिनं छापलं हाय."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. डॉक्टरांना नक्की तारीख हवी होती आणि ती कुठे आहे हे आईला माहीत होतं. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी छापखाना आणि तारीख असते. मी फोनमधून ते काढलं. डॉक्टरांनी पूर्ण वाचलं, शेवटच्या घोषणेपर्यंत.

"चांगलं लिहिता," त्या म्हणाल्या, आणि कागदावर 'दीड वर्ष' असं लिहिलं.

गोळ्यांचं पहिलं पाकीट घेऊन आम्ही एस.टी.त बसलो. आईला खिडकी दिली. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं. मी वाट बघत होते की मला काहीतरी होईल. रडू येईल, राग येईल. राग मला लवकर येतो. त्याच्यावरच माझं सगळं लिहिणं चालतं. काही आलं नाही. समोरच्या सीटच्या पाठीवर कुणीतरी खिळ्यानं नाव कोरलं होतं, ते मी तीनदा वाचलं.

त्या वर्षात मी काही लिहिलं नाही. आई दर महिन्याला अकोल्याला जायची. अमरावतीतही हीच औषधं मिळतात असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, तरी ती जायची, आणि मी बरोबर जायचे. पहिल्या दिवशी लघवी लाल झाली तेव्हा ती घाबरली. गोळीचा रंग आहे हे कळल्यावर निर्धास्त झाली. पुढे अंग काळवंडलं. देवळापाशी कुणी विचारलं तर ती म्हणायची, "ऊन लई हाय औंदा." माझी आणि वडिलांची तपासणी झाली, आम्हाला एकेक वेळची गोळी दिली. वडील रोज संध्याकाळी घमेल्यात पाणी आणून ठेवत. आई त्यात डावा हात भिजवायची, तेल लावायची आणि मग दोघं मिळून तो हात दिव्याखाली धरून बघत, कुठे कापलं, कुठे भाजलं. हाताला कळत नसल्यामुळे ते काम डोळ्यांनी करायचं होतं. ती ते माझ्या कितीतरी आधीपासून करत होती.

एकदा मी तिला म्हणाले, आपण हे सांगायला पाहिजे. लपवल्यानंच लोकांची भीती वाढते. मी नवं पत्रक काढते, तुझं नाव घालून, तुझ्या जागेवर बसूनच वाटू.

ती दोरा काढत होती. "माह्याकडून हार कोन घेईन मंग?"

"घेतील. गोळ्या सुरू झाल्या की कुणाला लागत नाही. हे विज्ञान आहे."

"तुले मालूम हाय. त्यायले मालूम हाय का?"

"त्यांना कळावं म्हणूनच तर छापायचं."

"पोरी," ती म्हणाली, "हात माहा हाय. पत्रक तुहं हाय."

आम्ही त्यावर परत बोललो नाही. तिचं भिणं मला चुकीचं वाटत होतं, अजूनही वाटतं. पण त्या हातावर तिला न विचारता मी एकदा लिहिलं होतं, आणि त्याचं काय झालं होतं ते डॉक्टरांच्या कागदावर होतं.

बाराव्या पाकिटानंतर डॉक्टरांनी सांगितलं, रोग गेला. आईनं दोन्ही हात जोडून नमस्कार केला. डावी दोन बोटं आत वळलेलीच राहिली. शस्त्रक्रिया करून ती सरळ करता येतील, डॉक्टर म्हणाल्या, पकड सुधारेल.

"दोऱ्याचा ताण समजन का?"

"नाही. ते येणार नाही."

"मंग राहू द्या," आई म्हणाली.

आता ती दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून हार करते. पहिल्या दिवशी शेजारणीनं हसून विचारलं, "काहून, देव रागावला नाई?" आई म्हणाली, "रागावला असन. मले समजलं नाई." दोघी हसल्या. शेजारीण ते विसरूनही गेली असेल. आईचे हार पूर्वीपेक्षा जरा सैल असतात. गिऱ्हाईक तक्रार करत नाही. फरक फक्त तिला दिसतो, आणि मला.

गेल्या महिन्यात तिनंच विषय काढला. भाजी चिरत होती, हाताकडे बघत.

"तुहं लिहिनं बंद पडलं का?"

"हो."

"लिही. नाव नको टाकू. माहं बी नको, तुहं बी नको." थोडं चिरून झाल्यावर म्हणाली, "आन् फुकट कवतिक नको करू माहं. लोकायले करायचं काय, थे सांग."

म्हणून सांगते. आज घरी गेल्यावर स्वयंपाकघरातल्या बाईला पाच मिनिटं खाली बसवा. ती काम पडलंय म्हणेल, ते तुम्ही करा. तिची बाही वर करून दंडाची मागची बाजू बघा, पाठ बघा, म्हणजे तिला जिथे स्वतःला बघता येत नाही तिथे. एखादा फिकट चट्टा असेल तर तिला डोळे मिटायला सांगा, लागलं की बोल म्हणा, आणि पेनाचं टोक त्यावर हलकेच टेकवा. मग हातांची बोटं एकेक करून तशीच तपासा. कुठेही ती गप्प राहिली, तर उद्या सकाळी तिला सरकारी दवाखान्यात न्या. ज्या गावात ती म्हणेल त्या गावात न्या, आणि गल्लीत कुणाला सांगायचं ते तिला ठरवू द्या.